वह्या वाचायचे तास कुणाच्या हिशेबात? कॉलेजात कविता लिहायला शिकवणाऱ्या एका कवयित्रीचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावातल्या कॉलेजातलं आहे. अनुदानित कॉलेज, आता स्वायत्त झालेलं. नाव-गाव मुद्दाम दिलेलं नाही, ओळख पटेल असे काही तपशील बदललेत, बाकी जसं घडलं तसं लिहितोय. मी त्याच मराठी विभागात शिकवतो आणि यातल्या बहुतेक मीटिंगांना हजर होतो, त्यामुळे हे काही लांबून बघून लिहिलेलं नाही, मला मॅडमबद्दल आदर आहे आणि जे झालं त्याबद्दल माझं ठाम मत आहे.

मॅडम कवयित्री आहेत. वय चाळिशीच्या पुढे, दोन कवितासंग्रह, त्यातल्या दुसऱ्याला राज्य शासनाचा वाङ्मय पुरस्कार, शिक्षण एमए मराठी, सेट (प्राध्यापक होण्यासाठीची राज्याची पात्रता परीक्षा) पास, पीएचडी नाही. २०१६ मध्ये कॉलेजात नॅकची, म्हणजे कॉलेजचा दर्जा ठरवणाऱ्या तपासणीची, तयारी चालू होती, प्रत्येक विभागाने एखादा छोटा सर्टिफिकेट कोर्स काढायचा असं ठरलं, तेव्हा आमच्या तेव्हाच्या एचओडी (विभागप्रमुख) बाईंनी मॅडमना बोलावलं आणि तीस तासांचा 'सर्जनशील लेखन' कोर्स सुरू झाला. पहिल्या वर्षी पोरं सर्टिफिकेटसाठी आली होती, दुसऱ्या वर्षी कोर्ससाठी आली. मग त्यांना २०१७ पासून सीएचबीवर घेतलं.

ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी, सीएचबी म्हणजे तासिका तत्त्व. जेवढे तास वर्गात घेतले तेवढ्याचेच पैसे, सुट्टीचे नाहीत, नेमणूक दर वर्षी नव्याने, आणि आठवड्याला नऊ तासांच्या वर काम देता येत नाही. त्याच स्टाफरूममध्ये शेजारच्या खुर्चीवर बसणाऱ्या कायम असिस्टंट प्रोफेसरचा यूजीसीप्रमाणे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमाने, आठवड्याचा शिकवायचा भार सोळा तासांचा असतो आणि एकूण काम चाळीस तासांचं धरलेलं असतं, म्हणजे तयारी, तपासणी, मुलांना वेळ देणं हे सगळं त्या पगारात आलेलं आहे. सीएचबीवाल्याच्या बाबतीत हे उरलेलं काम कागदावर कुठेच नाही. या प्रकरणातलं पाणी इथेच मुरतंय, म्हणून आधीच सांगून ठेवलं.

आपल्याकडे कवी कॉलेजात शिकवतो यात नवीन काही नाही. विंदा करंदीकर मुंबईत इंग्रजी शिकवायचे, ग्रेस नागपुरात मराठी शिकवायचे, नेमाडे अनेक वर्षं इंग्रजीचे प्राध्यापक होते. पण हे सगळे भाषा आणि साहित्य शिकवायला नेमलेले होते, कविता त्यांनी नोकरीच्या बाहेर लिहिली आणि कॉलेजने त्यांना 'मुलांना कविता लिहायला शिकवा' असं कधी सांगितलं नाही. तिकडे अमेरिकेत आयोवा विद्यापीठात १९३६ पासून लेखनाची कार्यशाळा ही पदवीचाच भाग आहे, आपले दिलीप चित्रे सत्तरच्या दशकात तिथल्या आंतरराष्ट्रीय लेखकांच्या प्रोग्रॅमला जाऊन आले होते. आपल्या बीएच्या चौकटीत मात्र हा विषय आत्ता आत्ता जागा शोधतोय आणि तो शिकवणाऱ्यासाठी पद कुठलं, याचं उत्तर अजून कुठल्याच कागदावर नाही.

नेमकी अडचण

नवीन शैक्षणिक धोरण स्वायत्त कॉलेजांना २०२३-२४ पासून लागू झालं. त्यात एसईसी म्हणजे कौशल्याचे कोर्स आले, दोन क्रेडिटचे, पन्नास मार्कांचे. आमच्या अभ्यास मंडळाने सर्जनशील लेखन हा एसईसी म्हणून घेतला. थिअरी म्हणून घेतला, एक क्रेडिट म्हणजे पंधरा तास, म्हणून दोन क्रेडिटचे तीस तास, आठवड्याला दोन. त्या घाईत सगळेच कोर्स थिअरी म्हणून टाकले जात होते, कुणी थांबून विचार केला नाही.

जूनमध्ये ५८ मुलं आली. आधी सर्टिफिकेट कोर्सला पंधरा-वीस यायची, ती आवडीने यायची, आता क्रेडिटसाठी आलेला अख्खा वर्ग.

मॅडमची शिकवण्याची पद्धत सांगायला हवी, कारण ती माहीत नसेल तर अडचण कळणार नाही. त्या वर्गात कवितेवर फार बोलत नाहीत. प्रत्येक मुलाची एक वही, डाव्या पानावर मुलाचा खर्डा, उजवं पान कोरं, ते मॅडमसाठी. दर आठवड्याला एक खर्डा. त्या उजव्या पानावर 'छान' किंवा 'सुधारणा हवी' असलं काही लिहीत नाहीत, प्रश्न लिहितात.

एक वही मी स्वतः बघितली आहे. एका मुलीने आईवर कविता लिहिली होती, आई म्हणजे त्यागाची मूर्ती, आईचे अश्रू, आईची माया, आपण सगळ्यांनी शाळेत लिहिलेली तीच. उजव्या पानावर मॅडमनी एकच ओळ लिहिली होती, 'काल रात्री नऊ वाजता आई काय करत होती?' पुढच्या आठवड्याच्या खर्ड्यात आई अंगणवाडी सेविका निघाली, रात्री मांडीवर रजिस्टर घेऊन बसलेली, पोषण ट्रॅकर ॲपला रेंज मिळत नाही म्हणून मोबाइल घेऊन गच्चीवर जाऊन उभी राहणारी. उजवीकडे प्रश्न, 'रजिस्टरात काय काय लिहिलेलं असतं?' तिसऱ्या खर्ड्यात गावातल्या सगळ्या पोरांची वजनं आली. मग वर्गात अभंगाचा भाग चालू झाला, मोठा अभंग, पहिले तीन चरण सहा-सहा अक्षरांचे, चौथा चार अक्षरांचा, दुसऱ्या-तिसऱ्याचं यमक. पोरं बोटं मोजत बसायची. त्या मुलीच्या चौथ्या खर्ड्यात हे होतं:

रजिस्टर आहे / आईच्या मांडीत / गाव त्या यादीत / मीच नाही.

'आई' हा विषय मराठीत किती घासून गुळगुळीत झालाय हे माहीत असलेल्या माणसाला या चार तुकड्यांचं मोल कळेल. आणि ही ओळ वर्गातल्या लेक्चरमधून आलेली नाही, ती उजव्या पानावरच्या तीन प्रश्नांतून आली.

आता हिशेब बघा. ५८ वह्या, एका वहीला दहा मिनिटं धरली तरी आठवड्याला साडेनऊ तासांच्या वर जातं. पैसे दोन तासांचे. बाकी सीएचबीचे सात तास बीएच्या इतर पेपरचे, त्याची तयारी वेगळी. मॅडम रविवारी वह्या वाचायच्या, मग शनिवारी रात्रीही वाचायला लागल्या, दिवाळीपर्यंत नाकीनऊ आले होते. त्यांचा तिसरा संग्रह तीन-चार वर्षं अर्धवट पडलेला होता. त्या एकदा म्हणाल्या, 'लिहायला बसले की माझ्या डोक्यात मुलांच्या ओळी येतात, माझी येत नाही.' तक्रारीच्या सुरात नाही म्हणाल्या, पण मला ते ऐकून वाईट वाटलं. ज्या गुणासाठी आपण माणूस आणला तोच गुण आपण वापरून संपवतोय असं वाटलं.

त्यात मार्कांचं प्रकरण झालं. एका मुलाने सेमिस्टरच्या शेवटी एक अगदी गोळीबंद कविता दिली, वृत्तात, यमकं चोख. त्याच्या वहीत मात्र एकही खर्डा नव्हता. पूर्वी स्टेटसवरच्या शायऱ्या यायच्या त्या ओळखू यायच्या, २०२२ च्या शेवटी चॅटजीपीटी आल्यानंतर हे ओळखणंही अवघड झालं. मॅडमनी पन्नासपैकी एकोणीस दिले. घरचे भेटायला आले, अर्ज आला, प्रश्न एकच, 'कविता चांगली आहे की नाही ते सांगा, आणि चांगली आहे तर मार्क का नाहीत?' आमच्याकडे द्यायला उत्तर नव्हतं, कारण सिलॅबसमध्ये मूल्यमापनाखाली 'स्वरचित साहित्य – ३० गुण' एवढंच लिहिलं होतं. शेवटी मुलाची तोंडी घेतली, त्याला स्वतःच्याच कवितेतल्या दोन शब्दांचे अर्थ सांगता आले नाहीत, प्रकरण मिटलं. पण त्या दोन आठवड्यांत मॅडमना जे ऐकून घ्यावं लागलं ते कायम नोकरीतल्या कुणाला ऐकावं लागलं नसतं, हे मी खात्रीने सांगतो.

जानेवारी २०२४ मध्ये त्यांनी सांगितलं की जूनपासून येणार नाही.

समोर असलेले पर्याय

त्या महिन्यात प्रिन्सिपल, एचओडी, मॅडम आणि मी असे तीनचार वेळा बसलो.

*पीएचडी करून कायम जागेसाठी उभं राहणं.* हा सल्ला मॅडमना प्रत्येक जण देत आला होता. नियमाने कॉलेजच्या असिस्टंट प्रोफेसरला सेट पुरेशी आहे, पीएचडी लागतेच असं नाही. पण यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीत कॉलेजच्या मुलाखतीला उमेदवार निवडायचा जो गुणतक्ता आहे त्यात पीएचडीला २५ गुण आहेत, सेटला ५, आणि राज्य शासनाच्या पुरस्काराला २. मासिकांत छापून आलेल्या कवितांना त्या तक्त्यात रकानाच नाही, शोधनिबंधांना आहे. म्हणजे कविता लिहायला शिकवायला माणूस निवडायचा आणि त्याच्या कवितांना शून्य, असं ते गणित आहे. वर पीएचडीला कमीत कमी तीन वर्षं, साधारण सहाची मुदत, आणि तोवर जागा निघेल की नाही, निघाली तर कुठल्या प्रवर्गाची, कुणी सांगू शकत नाही. मॅडमचं म्हणणं होतं की मला संशोधनाचं वावडं नाही पण पस्तिशीत केलं असतं, आता ती वर्षं मला कवितेला द्यायचीत. मला हे पटलं. एचओडी सरांना पटलं नाही, त्यांचं मत होतं की सिस्टीममध्ये राहायचं तर सिस्टीमचा कागद हवाच, आणि त्यांचंही चुकीचं म्हणता येत नाही.

*प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस.* हे नाव प्रिन्सिपलनी काढलं आणि सगळ्यांचे चेहरे खुलले. यूजीसीने २०२२ मध्ये ही सोय आणली, आपल्या क्षेत्रात पंधरा वर्षांचा अनुभव असलेल्या माणसाला पदवीची अट न घालता कॉलेजात घेता येतं, आणि क्षेत्रांच्या यादीत साहित्य आहे. कागद नीट वाचल्यावर घोडं अडलं. एक, जे अध्यापनाच्या पदावर आहेत किंवा निवृत्त आहेत त्यांच्यासाठी ही योजना नाही. मॅडम २०१७ पासून आमच्याच मस्टरवर सीएचबी म्हणून सही करत होत्या. तासिका तत्त्वावरचं काम म्हणजे अध्यापनाचं पद धरायचं की नाही यावर दोन मतं पडली, आणि उद्या कुणी माहिती अधिकारात विचारलं तर काय, या भीतीने ते मागे पडलं. दोन, पैसे कॉलेजने स्वतःच्या खिशातून द्यायचे. तीन, मुदत आधी एक वर्ष, वाढवून तीन, अगदीच अपवाद म्हणून चौथं. मंजूर पदाशी त्याचा काही संबंध नाही. म्हणजे चार वर्षांनी त्या परत तिथेच उभ्या.

*कॉलेज सोडून बाहेर कार्यशाळा घेणं.* पुण्यात, कोल्हापुरात आणि ऑनलाइन अशा कार्यशाळांना लोक येतात, फी देतात, परदेशातली मराठी माणसंही ऑनलाइन बसतात. पैशाच्या दृष्टीने हा पर्याय सीएचबीपेक्षा वाईट अजिबात नव्हता. मॅडमनी नाही म्हणायचं कारण एकच सांगितलं, तिथे ती अंगणवाडी सेविकेची मुलगी येणार नाही. तिला दोन क्रेडिटने वर्गात आणून बसवलं, फी भरून ती कधीच आली नसती.

*लेखी पेपर करणं.* अभ्यास मंडळात एका सदस्याने सुचवलं की वह्या बंद करा, कवितेचे घटक, वृत्तांची लक्षणं, कथेचे प्रकार असा पेपर काढा, तपासायला सोपं, वादही नाही. त्यावर जास्त लिहित नाही. तसा पेपर आम्ही काव्यशास्त्रात घेतोच, मग या कोर्सची गरज काय.

*कोर्स प्रॅक्टिकल करणं.* हा पर्याय आला भूगोलाच्या सरांकडून, स्टाफरूममध्ये चहा पिताना. ते म्हणाले, अरे तुमचं जे चाललंय ते प्रॅक्टिकल आहे, आमची पोरं नकाशे काढतात तशी तुमची कविता काढतात, मग थिअरी का लावलीत? आणि खरंच की. प्रॅक्टिकलच्या एका क्रेडिटला तीस तास असतात, दोन क्रेडिटचे साठ, आठवड्याला चार, आणि वर्ग बॅचमध्ये पडतो, वीस-वीसची बॅच. म्हणजे वही घरी न नेता तासातच वाचायची, मुलाला शेजारी बसवून. जे काम रविवारी फुकट होत होतं ते टाइमटेबलमध्ये येतं.

काय केलं

शेवटचा पर्याय घेतला. ऐकायला सोपा वाटतो पण तीन ठिकाणी अडला.

पहिलं, पैसे. प्रॅक्टिकलचे वाढीव तास मराठीसारख्या विषयाला अनुदानाच्या वर्कलोडमध्ये धरले जाणार नाहीत असं वरून तोंडी कळलं. उरला मार्ग मॅनेजमेंटचा. मॅनेजमेंटला 'कविता', 'सर्जनशीलता', 'मुलांचा विकास' यातलं काहीही पटत नव्हतं, आधी दोनदा हात आखडता घेतला होता. मग आम्ही मॅडमना विनंती केली की एक महिनाभर नुसती नोंद ठेवा, कुठल्या तारखेला किती वह्या, किती वेळ. त्यांना ते आवडलं नाही, त्यांना वाटलं मी माझ्या मुलांच्या वह्यांचं बिल लावतेय. पण ठेवली. तो एक कागद, तारखा आणि मिनिटं लिहिलेला, मीटिंगमध्ये ठेवला तेव्हा चेअरमन साहेबांनी पहिल्यांदा प्रश्न विचारला, 'हे सगळं घरी? कशासाठी?' त्यानंतर अर्ध्या तासात एक वर्षापुरता फंड मंजूर झाला. शिक्षणाच्या सगळ्या गप्पांनी जे झालं नाही ते एका हिशेबाच्या कागदाने झालं.

दुसरं, नऊ तासांची मर्यादा. तीन बॅच गुणिले चार तास म्हणजे बारा, सीएचबीवर ते बसत नाही. म्हणून दोन बॅच मॅडमच्या, म्हणजे आठ तास, बीएचे इतर पेपर त्यांच्याकडून काढून घेतले, आणि तिसरी बॅच माझ्याकडे आली. मी कवी नाही. मी समीक्षा शिकवतो. हा निर्णय योग्य होता की नाही यावर पुढे लिहितो.

तिसरं, मूल्यमापन. हा सगळ्यात महत्त्वाचा निर्णय आणि मॅडमचा स्वतःचा. तयार कवितेला एकही मार्क नाही. पन्नासचे तुकडे असे केले: वहीतले खर्डे आणि एका खर्ड्यातून दुसऱ्यात काय बदललं त्याला वीस, वर्गात हाताने लिहिलेल्या छंदाच्या सरावाला दहा, म्हणजे ओवी, अभंग आणि भुजंगप्रयात, दुसऱ्या मुलाच्या खर्ड्यावर लिहिलेल्या टिपणाला दहा, आणि तोंडी दहा. बीओएसमध्ये, म्हणजे अभ्यास मंडळात, यावर खूप वेळ गेला. एक बाहेरचे तज्ज्ञ म्हणाले की मग चांगली कविता लिहिणाऱ्याचा काय फायदा? मॅडमचं उत्तर होतं की चांगली कविता लिहिणाऱ्याला कविता मिळते, मार्क तर त्याला खर्ड्यांचे मिळणारच आहेत. आणि ज्याची कविता जमली नाही पण सहा वेळा खोडून लिहिली त्याला नापास करायचा अधिकार मला कुणी दिला? याने मशीनकडून लिहून आणायचा प्रश्नही बऱ्यापैकी सुटला, कारण आणलेल्या तयार कवितेला किंमतच राहिली नाही.

भुजंगप्रयात सिलॅबसमध्ये ठेवायचा की नाही यावरही चर्चा झाली, मुलं मुक्तछंदात लिहितात मग वृत्त कशाला. मॅडम ठाम होत्या. मनाचे श्लोक घराघरात पाठ असतात, तोच भुजंगप्रयात, ल-गा-गा (लघु-गुरू-गुरू) चार वेळा, पोरांच्या कानात आधीच आहे, फक्त त्यांना माहीत नाही. कानात असलेली गोष्ट हातात आणून द्यायची एवढंच काम आहे असं त्या म्हणाल्या, आणि वर्गात तसंच झालं, जी मुलं गद्यासारखं सपाट लिहायची ती ओळ मोठ्याने म्हणून बघायला लागली.

पुढे काय झालं

२०२४-२५ चं पहिलं सेमिस्टर चांगलं गेलं. वह्या घरी जाणं जवळजवळ थांबलं. मॅडम एका मुलाजवळ बसून वही वाचताना दिसायच्या, बाकीचे एकमेकांच्या वह्यांवर टिपणं लिहीत असायचे, वर्गात गलका असायचा, आणि शेजारच्या वर्गातून तक्रार यायची. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी आधी विचारलं, 'पेपर कुठाय?' वह्यांचा गठ्ठा समोर ठेवला तर त्या वाचण्यात ते दुपारचं जेवण विसरले. मार्कांवर एकही अर्ज आला नाही.

माझ्या बॅचचं सांगतो. उजव्या पानावर प्रश्न लिहिणं मी मॅडमकडून शिकलो, पण माझे प्रश्न समीक्षकाचे असायचे, 'या प्रतिमेचा मागच्या कडव्याशी संबंध काय?' असे. मुलं उत्तर लिहायची, ओळ बदलायची नाहीत. मॅडमचा प्रश्न मुलाला त्याच्या घरात पाठवतो, अंगणात, गोठ्यात, एसटी स्टँडवर. हा फरक ट्रेनिंगने थोडा कमी होतो, पूर्ण जात नाही. म्हणून माझं आता स्पष्ट मत झालंय की हे काम लिहिणाऱ्या माणसाचंच आहे, आणि 'कुणीही मराठीचा प्राध्यापक घेईल' हे जे वर्कलोड ठरवताना धरलं जातं ते चूक आहे.

दुसऱ्या वर्षी मुलं कमी झाली. या कोर्सला काम करावं लागतं, दर आठवड्याला लिहावं लागतं, अशी बातमी पसरली आणि ५८ वरून आकडा चाळिशीवर आला. मॅनेजमेंटला हे अपयश वाटलं, मॅडमना आणि मला बरं वाटलं, दोनच बॅच राहिल्या आणि दोन्ही मॅडमच्या.

मॅडमचा तिसरा संग्रह प्रकाशकाकडे गेलाय. ती अभंगवाली मुलगी आता तिसऱ्या वर्षाला आहे, लिहितेय, एका दिवाळी अंकात तिची कविता आली.

आणि जे झालं नाही ते: मॅडम अजून सीएचबीवरच आहेत. एप्रिलला तास संपतात, जूनमध्ये पुन्हा अर्ज, पुन्हा मुलाखत, उन्हाळ्याचे पैसे नाहीत. मॅनेजमेंटचा फंड दुसऱ्या वर्षी पुन्हा मागावा लागला आणि पहिल्या वर्षीइतका पूर्ण मिळाला नाही. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा जाहीर झाला तेव्हा कॉलेजात मोठा कार्यक्रम झाला, मॅडमनी त्यात कविता वाचली, टाळ्या खूप पडल्या. त्यांच्या नेमणुकीच्या कागदात त्याने काही बदल झाला नाही, होण्यासारखं त्यात काही नव्हतंही. अभिजात दर्जाचा आणि कॉलेजच्या पदांचा थेट संबंध नाही, हे मला कळतं, तरी राग येतो.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात आधी २०१७ चा निर्णय. तेव्हा मॅडमना सीएचबीवर घेणं हा त्यांच्यावर उपकार केल्यासारखं सगळ्यांना वाटलं होतं. पाच वर्षांनी प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिसची दारं त्याच सहीने बंद केली. २०१७ मध्ये हे कुणालाच माहीत असणं शक्य नव्हतं, त्यामुळे दोष देण्यात अर्थ नाही. पण आज जी कॉलेजं एखाद्या कवीला, नाटककाराला, पत्रकाराला आणायचा विचार करतायत त्यांनी घाईने सीएचबीच्या मस्टरवर नाव घालण्याआधी तो मार्ग तपासून घ्यावा, मानधनावर निमंत्रित म्हणून बोलावता येतं का ते बघावं, एकदा मस्टरवर नाव गेलं की परत फिरता येत नाही. अर्थात त्यातही एक गोची आहे, प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिसची मुदत संपल्यावर त्या माणसाने काय करायचं, आणि ज्याचं घर त्या तासांवर चालतं त्याने तोवर थांबायचं कसं.

दुसरं, २०२३ मध्ये कोर्स थिअरी म्हणून गेला तिथे अर्धा तास थांबून कुणीतरी मॅडमना विचारायला हवं होतं. त्या बीओएसवर नव्हत्या, सीएचबीवाले नसतातच. पण निमंत्रित म्हणून बोलावता आलं असतं. जो शिकवणार आहे त्याला न विचारता तास ठरले, आणि एक वर्ष आणि एका माणसाची तब्येत त्यात गेली.

तिसरं, नोंदीचा कागद पहिल्या सेमिस्टरपासून ठेवायला हवा होता. कवी माणसाला हे आवडत नाही, कामाचा हिशेब मागणं त्याला हलकं वाटतं. त्यासाठीच ही जबाबदारी विभागाने घ्यावी, त्याच्यावर टाकू नये.

फंडाबाबतही आम्ही कमी पडलो. चेअरमन साहेब हो म्हणाले त्या दिवशी एका वर्षावर समाधान मानलं, तेव्हाच तीन वर्षांचा ठराव लिहून घेता आला असता, हवा तशी होती. दर वर्षी नव्याने पटवून देण्यात जो वेळ जातो तो पुन्हा मॅडमचाच जातो, कारण वह्या घेऊन त्यांनाच मीटिंगला जावं लागतं.

पीएचडीच्या मुद्द्यावर मात्र एचओडी सर आणि मी अजूनही एकमत नाही. त्यांच्या मते मॅडमनी २०१७ लाच रजिस्ट्रेशन केलं असतं तर आज हे प्रकरणच झालं नसतं. माझ्या मते पीएचडी झालेल्या मॅडम कदाचित कायम झाल्या असत्या, पण त्या सोळा तास काव्यशास्त्र आणि भाषाविज्ञान शिकवत बसल्या असत्या, आणि उजव्या पानावरचे प्रश्न कुणी लिहिलेच नसते.

येत्या बीओएसच्या अजेंड्यावर दोन विषय घातलेत. कोर्स दोनवरून चार क्रेडिटचा करून मायनरमध्ये, म्हणजे दुय्यम विषयात, नेणं, आणि शिकवणाऱ्या सीएचबी प्राध्यापकांना कायम निमंत्रित म्हणून बसवणं. दुसरा विषय आधी घ्यावा असं मी लिहून दिलंय.